विद्यापीठातला सामायिक स्कॅनर: तासाला सहाशे डॉलर नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करून अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात पीएच.डी.ला आल्या आहेत. विषय स्मरणशक्ती, सहभागी सगळे धडधाकट, आजाराशी काही संबंध नाही. विद्यापीठाच्या मेंदू-प्रतिमा केंद्रात एमआरआयचा दर तासाला सहाशे डॉलर आहे. त्या विचारतात: यंत्र विद्यापीठाचं, मी विद्यापीठाची, मग पैसे कसले? पलीकडच्या रुग्णालयात तसाच तीन टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याचं एकक) स्कॅनर आहे, रात्री तो रिकामा असतो. तिथे काम केलं तर काय बिघडतं? आणि पहिल्या स्कॅनच्या आधी मी काय शिकून घेऊ?

मी अशाच एका केंद्रात सोळा वर्षं एमआर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. त्याआधी माझी स्वतःची पीएच.डी. रुग्णालयाच्या स्कॅनरवर, रात्री जागून झाली. म्हणून मधला प्रश्न आधी घेतो, तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

रुग्णालयातला स्कॅनर रात्री रिकामा नसतो, त्या दिवसाची यादी संपलेली असते इतकंच. माझी वेळ साडेनऊची असायची. सहभागी बहुधा कुणीतरी वर्गमित्र, पिझ्झाच्या बोलीवर आलेला. पावणेदहाला त्याला आत झोपवायचं, तोच खालून फोन: पक्षाघाताचा रुग्ण येतोय. मग आम्ही दोघं बाहेर बाकावर. याबद्दल तक्रार करायला जागा नाही, रुग्ण आधीच. पण अकराला आत गेलेला माणूस दहा मिनिटांत घोरायला लागतो, आणि स्मरणशक्तीच्या प्रयोगाला घोरणारा मेंदू काय कामाचा? तेही सोसलं. खरा फटका वेगळा बसला. सोळा जणांचे स्कॅन झाल्यावर कळलं की मध्यंतरी डोक्याची कॉइल (डोक्याभोवती बसणारा, मेंदूकडून येणारा सिग्नल टिपणारा अँटेना) बदलली होती. जुनी बिघडली, नवी बसवली; दिवसाच्या कामाला नवी जास्त चांगली, त्यामुळे रात्री येणाऱ्या विद्यार्थ्याला सांगायला हवं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझे पहिले नऊ जण एका कॉइलवर, पुढचे सात दुसरीवर. ते नऊ मी शेवटी टाकून दिले.

यात दोष कुणाचाच नव्हता. रेडिओलॉजिस्ट चित्र डोळ्यांनी वाचतो: गाठ आहे की नाही, रक्तस्राव झालाय की नाही. चित्र कालच्यापेक्षा दोन टक्के उजळ आलं तर त्याला फरक पडत नाही. आपलं सगळं दुकान त्या दोन टक्क्यांवर चालतं. मेंदूच्या एखाद्या भागात काम वाढलं की तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं, ऑक्सिजन धरलेलं बिघडवत नाही. म्हणून काम वाढलेला भाग चित्रात किंचित उजळ येतो. हिमोग्लोबिनचा हा गुण लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच मोजला होता. बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये तो उंदरांच्या मेंदूत एमआरआयवर दाखवला, आणि १९९२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी माणसांत. तीन टेस्लावर हा फरक जेमतेम एक-दोन टक्के भरतो, आणि तोही सहभाग्याला चित्र दाखवल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. आता यंत्रच तापून अर्ध्या टक्क्याने सरकलं, तर तुमच्या स्मरणशक्तीचा निम्मा-पाव भाग कॉइलच्या नावावर जमा.

आणि "तसाच तीन टेस्लाचा" या शब्दांत एक गंमत आहे. सीमेन्सच्या ज्या स्कॅनरना आपण सगळे सर्रास तीन टेस्लाचे म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचं क्षेत्र प्रत्यक्षात २.८९ टेस्ला असतं. प्रोटॉन तिथे सुमारे १२३ मेगाहर्ट्झला थिरकतात, पुऱ्या तीन टेस्लावर सुमारे १२८ ला. चित्राच्या दर्जात याने फार उलथापालथ होत नाही. पण पाटीवरचा आकडा एकच म्हणून दोन यंत्रं एकसारखी, हा समज आजच सोडा. ग्रेडियंट (जागेनुसार क्षेत्र कमीजास्त करणाऱ्या कॉइल) किती जोरकस, डोक्याच्या कॉइलला सिग्नल टिपणारे किती चॅनेल, सॉफ्टवेअर कुठलं, आणि ते शेवटचं कधी बदललं, हे विचारल्याशिवाय दोन स्कॅनरची तुलना करू नये.

तर सहाशे डॉलरमध्ये पहिली गोष्ट मिळते ती ही: यंत्र काल होतं तसंच आज असेल याची कुणीतरी घेतलेली जबाबदारी.

आमच्याकडे सकाळी सात वाजता पहिला "सहभागी" म्हणून एक फॅन्टम आत जातो. फॅन्टम म्हणजे अगार भरलेला, डोक्याएवढा बंद गोळा. अगार म्हणजे तेच, चायना ग्रासच्या खिरीतलं. त्याची दोनशे चित्रं काढायची आणि बघायचं की जिथे काहीच घडत नाहीये तिथे आकडा किती हलतोय. चांगल्या दिवशी टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. ही पद्धत अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून बसवली आणि आता जगभर चालते. कंटाळवाणं काम आहे. रोज वीस मिनिटं, रोज तोच गोळा, आणि बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही नाही.

एकदा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस रात्री सॉफ्टवेअर बदलून गेला. सकाळी फॅन्टमचे आकडे आले ते आधीपेक्षा चांगले! चढउतार कमी, चित्र शांत. आमची तंत्रज्ञ बाई पंचवीस वर्षं या धंद्यात. ती म्हणाली, फुकटात काही सुधारत नसतं, बघ काहीतरी गडबड असणार. शेजारशेजारचे ठिपके एकमेकांशी किती जुळतात हा आकडा काढला, तो वाढलेला होता. म्हणजे यंत्र चित्र हळूच पुसट करत होतं. नव्या आवृत्तीत एक गाळणी आपोआप चालू झालेली, पडद्याच्या चौथ्या पानावर एका चौकोनात बरोबरची खूण. रुग्णालयात ती खूण कदाचित सगळ्यांना आवडली असती, चित्र छान गुळगुळीत दिसायचं. आम्ही नऊच्या आत ती काढली आणि त्या दिवसाचा पहिला सहभागी जुन्याच रीतीने स्कॅन झाला. तुमच्या तासाचे बरेचसे पैसे त्या बाईच्या पगारात जातात हे लक्षात ठेवा.

आता हिशेब. नवा तीन टेस्लाचा संशोधनासाठीचा स्कॅनर साधारण वीस-तीस लाख डॉलरचा. त्यात मॅग्नेट ठेवायची खोली आलेली नाही: तांब्याच्या पत्र्याने सहा बाजूंनी मढवलेली खोली, छतातून बाहेर काढलेला हेलियमचा नळ, थंड पाण्याचं यंत्र, भार पेलणारी जमीन. हा पैसा बहुधा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या उपकरण-अनुदानातून, विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि एखाद्या दात्याकडून येतो. तुमच्या तासात तो शक्यतो नसतोच. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या पैशाने घेतलेल्या यंत्राची झीज दरात धरायला मनाई आहे. मग दरात काय असतं? दरवर्षीचा देखभाल करार, तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती, विमा, डेटा साठवण्याचा खर्च. समजा हे सगळं मिळून वर्षाला नऊ लाख डॉलर होतं आणि वर्षात पंधराशे तास विकले गेले. भागाकार करा: सहाशे. याच्यावर नफा घेता येत नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सगळ्यांना दर सारखाच लावावा लागतो, आणि तूट किंवा शिल्लक राहिली तर किमान दोन वर्षांतून एकदा दर सुधारावा लागतो. खाजगी कंपनी आली तर तिला जास्त लावता येतो.

यातून एक विचित्र गणित तयार होतं, ते नव्या लोकांना दिसत नाही. खर्च जवळजवळ ठरलेला असतो. मॅग्नेट रिकामा ठेवला तरी तो चालूच, त्याला बंद करण्याचं बटण रोजच्या वापराचं नाही. म्हणून तास कमी विकले गेले की पुढच्या वर्षी दर वाढतो, दर वाढला की लोक कमी येतात, आणि तास आणखी घटतात. मी दोन केंद्रं या घसरगुंडीवर गेलेली पाहिली आहेत. शहाणे संचालक मग मोकळ्या वेळेचा दर उतरवतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मध्यरात्रीनंतर दर खूपच कमी असायचा. निको डोसेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला: दहा जण, त्यांतले काही खुद्द संशोधकच, रात्री बाराला स्कॅनरमध्ये जायचे. दहा रात्री, दर रात्री अर्धा तास नुसतं पडून राहणं, म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेचाच एकेकाचा पाच तासांचा डेटा. प्रयोगांचे तास वेगळे. त्याचं नावच पडलं मिडनाइट स्कॅन क्लब. २०१७ मध्ये तो निबंध आला आणि दिसलं की सरासरी मेंदूचा जो नकाशा आपण पाठ करतो, तो कुणाच्याच डोक्यात तंतोतंत बसत नाही. दर उतरवण्यातून निघालेलं इतकं चांगलं विज्ञान मला दुसरं आठवत नाही.

तुमच्या कामाला याचा थेट संबंध आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी बहुधा "तीस जण, प्रत्येकी दीड तास" असं सांगितलं असेल, कारण सगळे तसंच करत आले. आधी ठरवा की प्रश्न कुठल्या जातीचा आहे. स्मरणशक्ती चांगली असलेल्या माणसांचा मेंदू वाईट असलेल्यांपेक्षा वेगळा असतो का, असा प्रश्न असेल तर तीस जणांत तो सुटणार नाही. स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की अशा संबंधांना हजारोंनी माणसं लागतात. (हाही बराचसा त्याच सेंट लुईसच्या मंडळींचा उद्योग.) तेवढे तास विकत घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्यात नाही, तिथे आधीच गोळा झालेला, खुला डेटा वापरा. पण एकाच माणसाच्या मेंदूत आठवलेलं चित्र आणि विसरलेलं चित्र यांत काय फरक पडतो, असा प्रश्न असेल तर थोडी माणसं आणि भरपूर तास हा मार्ग आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सात टेस्लाच्या स्कॅनरवर आठ जणांना वर्षभरात तीस ते चाळीस वेळा बोलावून प्रत्येकाला रोजच्या जगातल्या दृश्यांची नऊ-दहा हजार छायाचित्रं दाखवली गेली. आठ माणसं फक्त! तो डेटा आज कितीतरी प्रयोगशाळा वापरतात, आणि त्यात "हे चित्र आधी पाहिलंय का" हाच प्रश्न विचारला होता. तुमचा विषय स्मरणशक्ती असेल तर सहाशे डॉलरचा पहिला तास घेण्याआधी तो फुकटचा डेटा उतरवून बघा.

आणि कॉफीचं काय ते आत्ताच ठरवा. हसू नका. रसेल पोल्ड्रॅक टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला प्रतिमा केंद्राचे संचालक असताना दीड वर्ष स्वतःच स्कॅनरमध्ये जात राहिले. मंगळवारी उपाशीपोटी आणि कॉफी न घेता, गुरुवारी खाऊन-पिऊन. मेंदूच्या भागांमधले दुवे दोन वारी वेगळे निघाले. कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो, आणि आपण मोजतो ते रक्तच. सहभाग्यांना कॉफी सोडायला लावू नका, डोकं दुखून ते आत हलतील. नेहमीइतकी घ्या म्हणावं आणि किती घेतली ते लिहून ठेवा.

सुरक्षिततेकडे येतो. तुमच्या केंद्रात हा वर्ग सक्तीचा असेल, आणि तुम्हाला वाटेल की एवढं काय. तीन टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट, आणि ते चोवीस तास, दिवे बंद असतानाही चालू असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा जीव गेला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. "मशीन बंद आहे" हे वाक्य या खोलीबाबत कधीच खरं नसतं. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट अंगवळणी पडलेल्या सवयीच्या उलट आहे: आत कुणाला काही झालं तर मदत आत न्यायची नाही, माणसाला बाहेर आणायचं. मग दार बंद करायचं आणि दारात एकाने उभं राहायचं, कारण धावत येणाऱ्या पथकाच्या खिशात कात्री असते. आणि भिंतीवरचं ते झाकण घातलेलं बटण, ज्याने उणे २६९ अंशांवरचं हेलियम उकळून बाहेर जातं आणि मॅग्नेट खरोखर मरतो, ते कुणी मॅग्नेटला चिकटून अडकलं असेल तरच. द्रव हेलियमचा वायू झाला की सातशे पटींनी फुगतो. छतातला नळ तुंबलेला असेल तर हा वायू खोलीत भरतो आणि श्वास कोंडतो.

बाकी नव्याण्णव टक्के काम फार साधं असतं: विचारणं. आमच्या एका सहकारिणीची आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती. वयस्क मंडळींचा नवा प्रयोग तपासायला आम्हाला कुणीतरी हवं होतं, काकू हौसेने तयार झाल्या. अर्जावर सगळीकडे "नाही". मी मराठीत पुन्हा विचारलं, "काकू, अंगावर धातू?" "काही नाही रे." मग एकेक निघत गेलं. ब्लाउजचे हुक. खांद्यावरची सेफ्टी पिन. बांगड्या. जोडवी, ती साबण लावून निघाली. आम्ही दिलेला सदरा-पायजमा घालून त्या बाहेर आल्या तरी दारातल्या डिटेक्टरने आवाज केला: अंबाड्यात आकडा. तसाही अंबाडा कॉइलमध्ये मावत नाही; तो सोडून वेणी खांद्यावर घेतली. राहिलं मंगळसूत्र. सोनं चुंबकाकडे खेचलं जात नाही, पण फाशातली स्प्रिंग पोलादाची असू शकते, आणि गळ्यातलं धातूचं वेटोळं रेडिओ लहरींनी तापू शकतं. शिवाय डोक्याच्या इतक्या जवळ ते चित्रही बिघडवतं. काकू म्हणाल्या, लग्नापासून काढलं नाही. मी म्हटलं, मग आज स्कॅन नको, आपण चहा पिऊ, काही अडत नाही. हे मी मनापासून म्हणालो होतो. सहभाग्याला "नको" म्हणायची वाट नेहमी मोकळी ठेवायची असते. त्यांनी जरा विचार केला आणि काकांना नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "अगं काढ की, मी काय लगेच चाललो का?" मंगळसूत्र लेकीच्या गळ्यात गेलं आणि काकू पाऊण तास इतक्या स्थिर पडून राहिल्या की आमच्या विशीतल्या सहभाग्यांना लाज वाटावी.

म्हणून सांगतो, अर्जावर "धातू आहे का" असं विचारून भागत नाही. वस्तूचं नाव घेऊन विचारा. व्यायामाचे कपडे घातलेल्या मुलांना तर आवर्जून. घामाचा वास येऊ नये म्हणून कापडात चांदीचे धागे विणतात, ते दिसत नाहीत आणि चटका देऊ शकतात.

आता तुमचा एक तास. त्यात साठ मिनिटं नसतात. सहभाग्याला झोपवणं, कानात बोळे आणि वर हेडफोन (आतला आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो), आरसा नीट करणं, बटणं हातात देणं, हे पंधरा मिनिटं खातं. मेंदूच्या रचनेचं चित्र पाच-सहा मिनिटं, चुंबकीय क्षेत्राचा नकाशा एक-दोन. प्रयोगासाठी पस्तीस मिनिटं उरली तर नशीब. प्रयोग दहा मिनिटांच्या आतल्या तुकड्यांत मोडा आणि मधे सहभाग्याशी बोला. आत एकट्या पडलेल्या माणसाला बाहेरचा आवाज हवा असतो.

पायलटचे, म्हणजे चाचणीचे, तास बरीच केंद्रं फुकट किंवा अर्ध्या दरात देतात. ते घ्याच, आणि त्यात मेंदूकडे बघू नका, घड्याळाकडे बघा. एका विद्यार्थ्याने प्रयोगाचा तुकडा स्कॅनरच्या २४० चित्रांचा, दर दोन सेकंदांना एक, म्हणून आठ मिनिटांचा लिहिला होता. पुढे प्रोटोकॉल (स्कॅनरला दिलेल्या सूचनांचा संच) सुधारून दर चित्राला दीड सेकंदावर आला. २४० हा आकडा कुणी बदलला नाही. स्कॅनर सहा मिनिटांनी थांबायचा, लॅपटॉप आठ मिनिटं चित्रं दाखवत राहायचा. तिसऱ्या सहभाग्याने बाहेर आल्यावर सहज विचारलं, "शेवटी आवाज बंद होतो तो मुद्दाम का?" तेव्हा कळलं. दुसरं म्हणजे स्कॅनर प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला एक खूण पाठवतो, लॅपटॉपला ती बहुधा पाचचा आकडा दाबल्यासारखी दिसते. तुमचा प्रोग्राम पहिल्या पाचाची वाट पाहतोय ना, आणि सहभाग्याच्या बटणांतलं एखादं पाचच पाठवत नाही ना, हे स्वतः बटणं दाबून तपासा.

पैशांचा अंदाज बांधताना तीस जण गुणिले दीड तास, पंचेचाळीस तास, सत्तावीस हजार डॉलर, असं लिहून मोकळं होऊ नका. कुणी येणार नाही, कुणी आत गेल्यावर घाबरून बाहेर येईल, कुणी डोकं हलवेल, एखाद्या दिवशी प्रोजेक्टर बंद पडेल. आठ तास जास्त धरा, म्हणजे ३१,८०० डॉलर. आणि रद्द करण्याचा नियम आधी वाचा; बहुतेक ठिकाणी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण तास लागतो. सामायिक यंत्रात तुमचा रिकामा तास दुसऱ्या कुणाचा गेलेला तास असतो, म्हणून या नियमात गयावया चालत नाही. मीही करू देत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगणं भाग आहे. धडधाकट माणसांचे स्कॅन करताना कधी ना कधी असं काही दिसतं जे तिथे असायला नको. अशा अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात साधारण दर ३७ जणांत एक असं प्रमाण निघालं होतं. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी. तुम्ही डॉक्टर नाही, मीही नाही. पडद्यासमोर बसून "हे काय आहे?" असं मोठ्याने म्हणू नका, माइक चालू असू शकतो. चेहरा साधा ठेवा, स्कॅन पूर्ण करा, आणि केंद्राच्या ठरलेल्या वाटेने रेडिओलॉजिस्टकडे पाठवा. ती वाट काय आहे, कोण कुणाला किती दिवसांत कळवतं, हे नैतिकता समितीच्या अर्जात लिहिलेलं असतं. पहिल्या सहभाग्याच्या आधी पाठ करा. मेंदूच्या संशोधनाचा स्कॅन म्हणजे तपासणी नव्हे, हे संमतीपत्रात असतंच, तरी तोंडी सांगा. लोक ऐकत नाहीत. बाहेर आले की विचारतातच, "सगळं ठीक आहे ना?" त्याला उत्तर एकच: "मला ते वाचता येत नाही."

एमईजी आणि ईईजी (मेंदूतली चुंबकीय आणि विद्युत हालचाल डोक्याबाहेरून मोजणारी यंत्रं), प्रकाशाने रक्तप्रवाह मोजण्याची टोपी, ही उपकरणंही सामायिक केंद्रांत असतात आणि तासाला बहुधा स्वस्त पडतात. आठवण नेमकी कधी जागी होते, हा तुमचा प्रश्न असेल तर एमआरआयच्या पाच-सहा सेकंदांच्या आळशी लाटेपेक्षा ईईजी जास्त कामाचं. कुणीतरी तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. नंतर भारतात परतायचा विचार असेल तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातही संशोधनासाठीचा तीन टेस्लाचा स्कॅनर आहे. आणि डेटाची नावं-फोल्डर पहिल्या दिवसापासून बिड्स या, मेंदू-प्रतिमांचा डेटा मांडण्याच्या सामायिक पद्धतीने ठेवाल, तर काम कुठेही नेता येईल.

राहिलं "आधी काय शिकू". केंद्राला पहिल्या ईमेलमध्ये दर विचारू नका, तो संकेतस्थळावर असतो. विचारा की या आठवड्यात कुणाच्या सेशनला मागे बसता येईल का. दहा तास बसा, वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मागे. कुणाचे सहभागी झोपतात, कुणाचे नाही. तंत्रज्ञ कुठल्या चित्रावर भुवया चढवते. कुणाचा प्रोटोकॉल सुटसुटीत आहे. तो प्रोटोकॉल मागून घ्या, लोक देतात. मेंदूच्या चित्राचे एका वेळी अनेक काप घेण्याची जी पद्धत आज सगळीकडे चालते, तिचा मिनेसोटा विद्यापीठाचा कोड कितीतरी केंद्रांनी असाच करार करून मिळवला आहे. मग एकदा स्वतः सहभागी म्हणून आत जा, तुमच्याच प्रयोगासाठी, पूर्ण वेळ. आठव्या मिनिटाला नाक खाजतं, तेव्हा तुमच्या सूचना किती लांबलचक आहेत ते कळेल.

येताना स्वेटर आणा. मॅग्नेटच्या खोलीत मे महिन्यातही गारठा असतो. फक्त त्याला धातूची चेन नको.